गोलकीपरचं वऱ्हाड

हसू आणणारे किस्से चार जणांना सांगितले की संपतात. लाज आणणाऱ्यांचं तसं नाही. ते कुणी सांगत नाही, म्हणून साठत जातात. माळ्यावरच्या भांड्यांसारखे, एक काढायला जावं तर दहा गडगडत अंगावर येतात! माझ्याकडचे हे सगळे एकाच वर्षातले आणि एकाच टोळीचे आहेत. टोळी परक्यांची असती तर मी मजेत सांगितले असते. आपलीच होती, म्हणून मान खाली घालून सांगते.

सिंगापूरला क्लेमेंटीत माझ्या मुलाचा, मिलिंदचा, फ्लॅट. माझी नात सई तिथल्या ज्युनिअर कॉलेजात, मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. मी शाळेची पायरी चढले नाही, पण हा खेळ मला पहिल्या दिवशी कळला. अकरा जणींनी पायानं खेळायचं, बॉलला हात लावायची मुभा फक्त एकीला. ती एक आमची सई!

आमच्या टोळीला मात्र यात कमीपणा वाटायचा. "सगळ्या पळतात आणि आपली नुसती उभी!" असं मिलिंद म्हणायचा. टोळीत मिलिंद, त्याचा दोस्त शिरीष बर्वे आणि युनिव्हर्सिटीत संशोधन करणारे सोनावणे. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. औषध न देणारे डॉक्टर. शिरीषची मुलगी मुक्ता त्याच टीममध्ये डावीकडून पळायची. डॉक्टरांचं कुणीच टीममध्ये नव्हतं. ते चकलीसाठी यायचे.

आणि कोच होता हमीद. मलय माणूस, पन्नाशीचा, बोलणं दोनच शब्दांचं. जमलं की "कॅन", नाही जमलं की "कॅनॉट". सईनं बॉल अडवला की लांबून ओरडायचा, "कॅन!" बस्स. तेवढ्यावर पोरगी आठवडाभर फुललेली असायची.

हमीद कॉलेजचा पक्का नोकर नव्हता. दर वर्षी त्याला पुन्हा बोलवायचं की नाही ते कॉलेज ठरवायचं, आणि त्याआधी पालकांचं मत विचारायचं. हे आमच्या टोळीला कळलं आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं!

*

आमच्या बिल्डिंगचा तळमजला मोकळा आहे, तिथं लोक गप्पा मारत बसतात. दगडी टेबल, त्यावर बुद्धिबळाचा पट कोरलेला. शनिवारी मॅच झाली की टोळी त्या टेबलाशी. मी घरून चकल्यांचा डबा घेऊन जायची.

तिघांपैकी एकानंही जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही. तिघे क्रिकेटवाले! पण पटावर चकल्या मांडून शिरीष असा शिकवायचा की वाटावं, जगातले सगळे कोच याच्या हाताखालून गेलेत.

"ही मागे चार, मधे तीन. ही सई. हिला हमीदनं गोलात कोंडलीय. तिला उचलून इथं पुढे आणा, ही मुक्ता डावीकडून पास देणार, की गोल!"

"आणि गोलात कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"उभं राहायला कुणीही चालतं हो!"

वाद रंगला. माझं आपलं लक्ष नव्हतं. समोर चकली दिसली, उचलली, खाल्ली. शिरीष केवढ्यांदा ओरडला, "काकू! मुक्ता खाल्लीत तुम्ही!"

शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा आपला डाव सोडून माझ्याकडं बघत राहिले. मी तोंडातली मुक्ता धड गिळू शकेना की बाहेर काढू शकेना!

*

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपली जात. सिंगापूरचे लोक त्याच कामाला टिश्यूचं पाकीट वापरतात. खाऊगल्लीत टेबलावर पाकीट दिसलं की कुणी बसत नाही. हे पाहून आमच्या टोळीला कोण आनंद झाला! "बघा, इथंही आपलीच पद्धत!"

पुढच्या मॅचला तासभर आधी गेलो. मैदानाला लागून सावलीत एक छान लांब बाक. मिलिंदनं त्यावर टोकापासून टोकापर्यंत सगळ्यांचे रुमाल आणि टिश्यूची पाकिटं मांडली आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

परत येऊन बघतो तर दुसऱ्या कॉलेजच्या मुली बूट हातात घेऊन उन्हात गवतावर बसलेल्या. बाक त्यांचा होता! खेळाडूंचा! आणि इथली शिस्त अशी की एकीनंही रुमाल हलवला नव्हता.

हमीद खाली वाकून एकेक रुमाल घडी करून गोळा करत होता. मिलिंदच्या हातात गठ्ठा देताना म्हणाला, "हिअर कॅनॉट, सर."

घरी आल्यावर सई माझ्या कुशीत शिरून, इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "आजी, प्लीज लाह, बाबाला सांग ना, येऊ नको म्हणून."

मी सांगितलं. मिलिंद म्हणाला, "आई, सपोर्ट नको का पोरीला?"

*

सपोर्ट म्हणजे काय, तर पुढच्या मॅचला शिरीषनं नारळ आणला.

"शुभकार्याला नारळ नको?" असं म्हणत, कुणी अडवायच्या आत, गोलच्या खांबापाशी जाऊन त्यानं नारळ हाणला. आपल्या मातीवर नारळ फुटतो. ते मैदान प्लास्टिकच्या गवताचं, खाली रबर! नारळ चेंडूसारखा उसळला आणि रेफ्रीच्या पायापाशी जाऊन थांबला.

मग त्यानं तो खांबावर फोडला. पाणी सईच्या हातमोज्यांवर, करवंट्यांचे तुकडे गवतभर. मुली घसरून पडू नयेत म्हणून मॅच थांबली. गार्ड आला, चौकशी झाली. शिरीष फोन कानाला लावून पार्किंगकडं निघून गेला.

हमीद गुडघ्यांवर बसला आणि तुकडे वेचायला लागला. शेजारी सई. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

वेचून झाल्यावर हमीदनं खोबऱ्याचे तुकडे धुऊन पिशवीत घालून मला आणून दिले. "नेनेक, चटणी, कॅन?" नेनेक म्हणजे त्यांच्यात आजी. चटणी हा शब्द त्याला ठाऊक होता. मी पिशवी घेतली. चटणी काही केली नाही.

*

एवढ्यानं कोण थांबतंय! मैदानात मराठी कुणाला कळतं, म्हणून शिरीषची जीभ मोकाट सुटायची. एका मॅचला हमीदनं मुक्ताला बाहेर घेतलं. शिरीष उभा राहून ओरडला, "अरे गाढवा! तुला कोच कुणी केला? बैल राखायची लायकी नाही तुझी!"

पलीकडच्या कॉलेजच्या पालकांतून एक बाई उठल्या. पंजाबी ड्रेस, हातात पाण्याची बाटली. सरळ आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय ओ भाऊ, कोचला गाढव म्हंतायसा?"

शिरीषचा चेहरा पिठासारखा झाला. "तुम्ही... मराठी?"

"कोल्हापूरची हाय मी. आमच्याकडं पेठंपेठंत फुटबॉल चालतो. तिथं कोचला असं कोण बोललं असतं, तर आमच्या आबांनी त्याला मैदानाभवती पळवला असता." मग माझ्याकडं वळल्या, एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुमी यांच्यासंगट आलाय?"

आयुष्यात पहिल्यांदा, देवाशपथ, मला वाटलं की नाही म्हणावं!

*

मग मिलिंदला सुचलं, हमीदला घरी चहाला बोलवू आणि गोडीनं सांगू. दुपारी चारची वेळ. मी कांदेपोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर.

हमीद आला. चपला दाराबाहेर काढून सोफ्याच्या अगदी कडेला बसला, हात गुडघ्यांवर. समोर पोह्यांची बशी. आणि समोरच्या खुर्च्यांवर हे तिघे ओळीनं. प्रश्न सुरू झाले. शिक्षण किती? आधी कुठं होतात? घर स्वतःचं की भाड्याचं? घरात कोण कोण असतं?

डॉक्टर माझ्या कानात पुटपुटले, "काकू, आता एक गाणं म्हणायला सांगा आणि दोन पावलं चालून दाखवायला!"

शेवटी मिलिंद मुद्द्यावर आला. सईला पुढे खेळवणार का?

"कॅनॉट," हमीद म्हणाला. का, ते पहिल्यांदाच चार वाक्यांत बोलला. मिलिंदनं तोंड वाकडं करून मला मराठीत सांगितलं, "म्हणतोय, सगळ्यांना फक्त बॉल दिसतो, तिला अख्खं मैदान दिसतं. अशी मुलगी पुढे पळवून वाया घालवायची नसते."

मला ते इतकं आवडलं, की मी बशी पुढे सरकवली. "घ्या ना, खा!" तो हसून हात जोडायचा. मी पुन्हा सरकवली. पुन्हा हसला. त्याच्या ओठांना कोरड पडलेली दिसत होती. शिरीष तोंडात घास घेऊन मराठीत म्हणाला, "भाव खातोय. पोहे नाही खाणार, भाव खाणार!"

तेवढ्यात सई क्लासहून आली. तिनं बशी पाहिली, हमीदकडं पाहिलं आणि बॅग जमिनीवर टाकली. "बाबा! रमझान आहे! ही इज फास्टिंग लाह! पहाटेपासून पाणीसुद्धा नाही प्यायले ते!"

शिरीषचा चमचा तोंडाशीच थांबला. आणि मी! वर्षानुवर्षं गुरुवार करणारी बाई, उपाशी माणसाच्या नाकाशी तासभर पोहे धरून बसले होते!

मी सगळे पोहे माझ्या स्टीलच्या डब्यात भरले आणि खिडकीबाहेरच्या सूर्याकडं बोट दाखवून हात खाली नेला. हा मावळला की खा. त्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला.

"कॅन, नेनेक."

*

पालकांचं मत विचारायचा दिवस आला. मिलिंद आणि शिरीष कॉलेजात जाऊन बोलून आले. डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "नका हो, माणूस चांगला आहे." त्यावर शिरीष म्हणाला, "तुमची मुलगी आहे का टीममध्ये?" मग डॉक्टर चकली खात बसले. सई बापाशी दोन दिवस बोलली नाही. मीही घसा कोरडा केला. उपयोग शून्य.

हमीदला पुन्हा बोलावलं नाही. नवा कोच आला, त्यानं पालकांचं ऐकलं. सई पुढे!

त्या शनिवारी पटावर चकल्यांची नवी मांडणी झाली. "काकू, आज खुशाल खा, जिंकलो आपण!" शिरीष म्हणाला. त्याच्या मागून हमीद येत होता. हातात माझा डबा.

सई नव्हती, पण त्याचं बोलणं समजायला मला तिची गरज पडली नाही. "सॉरी, नेनेक. युअर बॉक्स. व्हेरी लेट." डबा टेबलावर ठेवून त्यानं पटावरच्या चकल्या पाहिल्या. मग मागची एक चकली बोटानं किंचित सरळ केली, हसला आणि बसस्टॉपकडं निघून गेला.

डबा उघडला. रिकामा डबा परत करू नये, हे आपल्यात. त्यांच्यातही असावं. आत हिरवे गोळे, वरून किसलेलं खोबरं, आत पातळ गूळ. त्याच्या घरच्यांनी केलेले.

कुणी हात लावेना. शेवटी शिरीषनं एक तोंडात टाकला. गूळ फुटला, हनुवटीवर ओघळला. पुसायला त्यानं खिशातून काय काढलं, तर मैदानावर हमीदनं घडी करून दिलेला तोच रुमाल!

*

आता शेवटची मॅच. नव्या कोचची पहिली मोठी मॅच, हरलो तर त्या वर्षीचा खेळ संपला. या वेळी आम्ही बसायच्या पायऱ्यांवरच बसलो, पण रुमाल होतेच. शिरीषनं आजूबाजूच्या जागा रुमाल टाकून धरल्या होत्या, ऑफिसातली माणसं यायची होती म्हणे.

मॅच सुरू झाल्यावर हमीद आला. हातात दोरीनं बांधलेली कॉफीची पिशवी, स्ट्रॉ घातलेली. पायऱ्या भरलेल्या. मोकळं काय ते आमच्या रुमालांखाली. रुमाल पाहून तो कडेला उभा राहिला. मिलिंदनं मान फिरवली. शिरीष फोनमध्ये घुसला.

मी माझ्याशेजारचा रुमाल उचलला आणि शिरीषच्या मांडीवर टाकला. "हा घे, नाक पूस आणि सरक तिकडं."

हमीद माझ्याशेजारी बसला.

खाली सई पुढे पळत होती. पळत कसली, वाट चुकल्यासारखी फिरत होती. दर थोड्या वेळानं मागे वळून आपल्या गोलकडं बघायची. तिथं दुसरीच मुलगी उभी. आमच्यावर एक गोल झाला होता. वेळ संपत आली. आणि मुक्ता डावीकडून सुटली! अगदी पटावरच्या चकलीसारखी! तिनं बॉल उंच उडवला. त्यांची गोलकीपर पुढे येताना घसरून पडली. समोर रिकामा गोल, सई एकटी, आणि बॉल हवेतून थेट तिच्याकडं.

आमची पायरी उठून उभी राहिली. शिरीषनं डॉक्टरांचा दंड धरला. मिलिंदचा आवाज फाटला, "मार, सई! मार! डोकं घाल!"

सईनं वर पाहिलं. पाय रोवले. दोन्ही हात वर केले आणि तो बॉल हातांत अलगद झेलून छातीशी धरला.

मग रेफ्रीची शिट्टी. शिरीष मटकन खाली बसला आणि त्यानं रुमाल तोंडावर घेतला. मिलिंद नुसता उभा. सई मात्र बॉल तसाच छातीशी धरून आमच्या पायरीकडं बघत राहिली होती.

हमीदनं कॉफीची पिशवी माझ्या हातात दिली, उठला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला,

"कॅन!"