कुंदाआत्या आणि ‘स्पिन्स्टर’

कुंदाआत्या काल गेली, आणि कालपासून लोक तिला बिचारी म्हणतायत.

मला ते ऐकवत नाहीये. झोपही येत नाहीये. म्हणून लिहितेय.

“बिचारी. भावांसाठी राहिली.”
दारात चपला काढता काढता म्हणतात. माझ्या हातून चहाचा कप घेताना म्हणतात.

कुंदाआत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. आजोबा गेले तेव्हा बाबा आणि काका शिकत होते. ती कॉलेज सोडून गिरीज गावातल्या आमच्या वाडीत उतरली. केळी, नारळ, पडवळ, मोगरा. मग तिथून बाहेर आलीच नाही.

लग्न केलं नाही.

काही वर्षांपूर्वी वाडीचं वाटणीपत्र करायचं ठरलं. बाबा आणि काका रस्त्याकडचा भाग विकणार होते. आत्याला विहिरीकडचा हवा होता. भांडण काहीच नव्हतं. वकिलांच्या ऑफिसात सगळे बसलो. मी कॉलेजात इंग्लिश शिकवते, म्हणून मलाही नेलेलं.

वकील मसुदा मोठ्याने वाचायला लागले.
बाबांच्या नावापुढे, रिटायर्ड बँक ऑफिसर.
काकाच्या नावापुढे, बिझनेस.
आत्याच्या नावापुढे, स्पिन्स्टर.

“थांबा,” आत्या म्हणाली. “माझ्यापुढे काय वाचलंत?”

“अविवाहित. फॉरमॅटच आहे ताई, सगळीकडे असंच लिहितात.”

“यांच्यापुढे विवाहित लिहिलंय?”

वकील कागद चाळायला लागले.

“यांच्यापुढे काम आणि माझ्यापुढे लग्न? मी सही करत नाही.”

उठली, पर्स काखेत मारली आणि जिना उतरून गेली. मी मागे धावले.

रिक्षात म्हणाली, “बाय, हा शब्द आला कुठून? नीट शोध. आणि मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस.”

नायगावला घरी येऊन शोधलं. दुसऱ्या दिवशी परत वाडीत. ती केळीच्या बुंध्याशी फुटलेले कोंब खणून काढत होती.

“स्पिन म्हणजे सूत कातणं,” मी सांगायला लागले. “आणि जुन्या इंग्लिशमध्ये मागे ‘स्टर’ लावलं की ते काम करणारी बाई. स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी. नावापुढे लिहायचे. आपण सुतार, लोहार म्हणतो तसं.”

“मग?”

“कातणाऱ्यांत बिनलग्नाच्या पुष्कळ होत्या. स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या. हळूहळू कोर्टाच्या कागदांत त्याचा अर्थच बिनलग्नाची असा झाला. नंतर तर टोमणाच. वय उलटलेली, कुणी पसंत न केलेली. तिकडे इंग्लंडात आता लग्नाच्या सरकारी नोंदीतूनही तो शब्द काढून टाकलाय.”

ती खणत राहिली. एक कोंब उपटून बाजूला टाकला.

“म्हंजे शब्द कामाचाच होता. काम पुसलं आणि लग्न ठेवलं.”

“हो.”

“मी काय सूत कातलं नाही. शेती केली. तेच लिही म्हणावं.”

वकील म्हणाले, बघू. जमीन घेणारा रोज फोन करत होता. काका भडकला. “एका शब्दासाठी सगळं अडवून धरलंस?”

“एक शब्द बदलायला तुम्हाला एवढे दिवस का लागतायत?”

शेवटी बाबा समजवायला गेले. मी तिथेच होते. बाबा म्हणाले, “कुंदा, आमच्यासाठी तू संसार केला नाहीस. आम्ही कधी विसरलो का ते?”

आत्याने कप खाली ठेवला.

“दादा, तुमच्यासाठी नाही. मला लग्न करायचंच नव्हतं. मला वाडी करायची होती. आईने विचारलं तेव्हा तिला हेच सांगितलं. तुम्ही दोघांनी कधी विचारलंच नाही.”

बाबांचा चेहरा मी विसरू शकत नाही. सुटल्यासारखा आणि कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा. दोन्ही एकदम. आयुष्यभर ते तिचे उपकार डोक्यावर घेऊन फिरत होते, आणि तिने ते केलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः वकिलांकडे जाऊन बसले. नवा कागद होईपर्यंत उठले नाहीत.

ॲग्रिकल्चरिस्ट.

आत्याने माझ्याकडून तो शब्द वाचून घेतला. अर्थ विचारला. मग सही केली.

गेल्या महिन्यात ती आजारी पडली. हॉस्पिटलात डॉक्टर काय म्हणाले हे तिने एकदाही विचारलं नाही. काल सकाळी मला विचारलं, “केळीला पाणी सोडलं का कुणी?”

“काका सोडणार आहे.”

“त्याला नाही जमत. सगळं पाणी एकाच आळ्यात घालतो. तू जा.”

“मी इथे थांबते, आत्या.”

“मी कुठे पळून चाललेय? जा म्हटलं ना.”

गेले. मोटर लावली. फावड्याने पाट फोडत होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला. बाबा बोलत नव्हते, नुसते श्वास घेत होते. मला कळलं.

मोटर बंद करून धावायला हवं होतं का? कालपासून हेच डोक्यात फिरतंय. मी बंद केली नाही. शेवटच्या केळीपर्यंत पाणी पोचू दिलं, आणि मग तशाच चिखलाच्या पायांनी निघाले.

आत्या, सगळीकडे पाणी झालंय.
आता तू जा.