मी पाजलेलं धन्याचं पाणी

आमच्या कुत्र्याला उन्हाळी लागली आहे, हे निदान अख्ख्या अमडापुरात सगळ्यात आधी मी केलं. त्या निदानाचा मला स्वतःचा आलेला संताप अजून उतरलेला नाही.

एप्रिल होता. कुत्रा दर खांबापाशी पाय वर करायचा, कण्हायचा, दोन थेंब गाळून पुढच्या खांबाकडे जायचा. आमच्याकडे उन्हानं लघवीला जळजळ सुटली की माणसाला धन्याचं पाणी देतात, सब्जा देतात. मी तेच कुत्र्याला सुरू केलं. तोंड उघडेना, तर बिनसुईच्या सिरिंजनं पाजलं. दोन दिवस, तासातासाला. बायको म्हणत होती की याचं पोट फुगून राह्यलं, दवाखान्यात न्या. मी तिला सुनावलं की वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय, मला शिकवू नको. मूत्रसंस्थेची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढतो. रंगीत खडूनं.

तिसऱ्या दिवशी तो उठेचना. चिखलीच्या डॉक्टरांनी लघवीच्या वाटेनं बारीक नळी घातली, ती मध्येच अडली. वाटेत खडा बसला होता. पाणी किती पाजलं, असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं.

"सर, तुंबलेल्या मोरीत तुम्ही बादल्या ओतून राह्यले होते," ते शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मूत्राशय कधीही फुटेल म्हणून त्यांनी सुईनं लघवी उपसली आणि आम्हाला अकोल्याला पाठवलं.

तिथंही खडा हलेना. सर्जनबाईंनी समजावलं, खड्याच्या मागे मूत्रमार्गाला नवं तोंड करायचं आणि ते कातडीला शिवायचं. जागा अंडकोशाची, म्हणून तो काढावा लागेल. पुढं हा बसूनच मुतणार.

कुत्रा टेबलावर धापा टाकत होता, आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, विचारता झालो, "म्हणजे पाय वर करणारच नाही का?"

बायकोनं कागद माझ्यापुढं सरकवला. "जीव चालला त्याचा, अन् तुमाले त्याच्या मर्दानकीची पडली. सही करा."

केली. तिच्या धाकानं की स्वतःच्या लाजेनं, देव जाणे.

टाके निघाल्यावर मी त्याला चौकात फिरायला नेलं. पानटपरीवर एकानं विचारलंच, "काय सर, गेला तवा कुत्रा होता, आता कुत्री करून आणली का?" सगळे हसले. मी त्याला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. ऐकणाऱ्यांत माझ्या वर्गातल्या दोन पोरांचे बापही होते. एवढा तोंडाचा पट्टा मी पाणी पाजायच्या त्या दोन दिवसांत स्वतःवर चालवला असता तर कुत्र्याला सुरी लागलीच नसती, हे बोलता बोलता लक्षात आलं आणि मी जास्तच पेटलो.

कुत्रा तेवढ्यात टपरीपुढंच मागचे पाय पसरून बसला. धार लागली. अखंड, जाड, माझ्या चपलेखालून वाहत गेली. टपरीवाला ओरडत होता की त्याला तिकडं न्या. मी दोरी ढिली सोडली आणि त्याचं पुरतं होईपर्यंत तिथून हललो नाही.