पावाचं वाक्य

लेकीकडे जर्मनीला आले, तेव्हा सकाळी बेकरीतून पाव आणायचं काम मी हट्टानं मागून घेतलं. वाटेत जर्मन वाक्य घोकत जायचे. या भाषेतही आपल्यासारखंच क्रियापद बरेचदा शेवटी येतं, आणि काउंटरवर पोचेपर्यंत माझं ते हमखास हरवायचं. मग मागे रांग आणि मी गप्प. बेकरीवाल्या बाई मात्र मान किंचित कलती करून थांबायच्या. माझ्या तोंडात शब्द घालायच्या नाहीत. वाक्य माझं, ते मीच पुरं करावं, असा त्यांचा चेहरा.

आमच्या घरी माझं वाक्य कुणी शेवटपर्यंत ऐकल्याचं आठवत नाही. "अहो, जरा ते..." म्हटलं की हे "घे गं" म्हणून चष्मा पुढे करतात. रोज तेच ऐकून ऐकून त्यांना व्याकरणाची गरजच उरलेली नाही. पूर्वी याचा भारी राग यायचा. परक्या भाषेत अडखळल्यावर उमगलं, आपलं बोलणं कुणाला अर्ध्यातच कळावं ही केवढी चैन आहे! आणि शेवटपर्यंत ऐकून घेणं, तीही मायाच.

आज मी दारातून आत शिरले, तर बाईंनी पाव कापायलाही घेतला होता.

"नेहमीचाच ना?" त्या हसून म्हणाल्या.

क्षणभर घरीच असल्यासारखं वाटलं. पण एवढं घोकलेलं वाक्य वाया कसं घालवू? मी ते म्हणायला लागले. भरलेली पिशवी हातात धरून बाई थांबल्या, अगदी क्रियापदापर्यंत.