दाजींच्या पेटीतली ऊब

केदार पांढरीपांडेला थंडीचा मनस्वी राग आहे. माणूस नागपूरचा. अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात अपार्टमेंटचं हीटिंग बंद पडलं, आणि हा गडी होते नव्हते ते सगळे स्वेटर चढवून स्वयंपाकघरात बसून राहिला. तेव्हापासून त्याच्या घरात कायम वैशाख. आम्ही शेजारी चहाला गेलो की आधी जॅकेट उतरवतो, मग स्वेटर, आणि तरी घाम पुसतो. पण केदार मायाळू. इतका, की कधी कधी चीड यावी.

आई गेल्यावर त्याने वडिलांना, शशिकांतकाकांना, इकडे आणलं. त्यांनी आता कायमचं इथेच राहावं, एवढी एकच त्याची इच्छा. काकांच्या खोलीत वेगळा हीटर, अंगावर शाल. त्यांनी खिडकी जरा किलकिली केली की हा लावून घ्यायचा. काका ती पुन्हा उघडत नसत. दुपारभर बर्फ बघत बसत. पडताना बर्फ आवाज करत नाही, त्यामुळे सगळं गाव झोपेत चालल्यासारखं वाटतं. काकाही तेव्हा कुठेतरी लांब गेलेले असत.

काका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांचं मन रमावं म्हणून केदारने चक्क कार्पेट पायथन आणला! अंगावर सतरंजीसारखी नक्षी असलेला, बिनविषारी, शांत अजगर. काकांनी त्याचं नाव ठेवलं दाजी.

दाजींच्या घरासाठी केदारने जिवाचं रान केलं. आधी काचेची टाकी आणली, पण वरच्या जाळीतून ऊब निघून जाते म्हणून परत केली. मग जाड प्लास्टिकची बंद पेटी आणली, समोर सरकती काच, आत चढायला फांदी. छताला गरम करणारं पॅनल, त्याला थर्मोस्टॅट. दुकानदाराने बजावलं होतं, पॅनल एकाच टोकाला लावा. केदारने दोन्ही टोकांना एकेक लावलं.

"एका बाजूला थंडी कशाला? त्याने काय गुन्हा केलाय?"

सुरुवातीला दाजी फांदीवर वेटोळं करून बसत. काचेअलीकडे काका, पलीकडे दाजी, दोघेही अर्धवट झोपेत असल्यासारखे. नुसतं बघूनच मला पेंग यायची. मग दाजी फांदी सोडून पाण्याच्या भांड्यात जाऊन पडले. जेवण बंद. केदार घाबरला. त्याला वाटलं थंडी बाधली, आणि त्याने दोन्ही पॅनल आणखी तापवली. अति तिथे माती!

त्या रविवारी मी तिथेच होते. काका पेटीपाशी वाकले.

"केदार, याला गरम होऊन राहिलं ना. एक बाजू थंड ठेव. वाटेल तेव्हा तो आपला आपण सरकेल."

केदारने एक पॅनल बंद केलं. आम्ही चहा घेत बसलो. संध्याकाळी दाजींनी भांड्यातून डोकं काढलं आणि काकवी ओघळावी तसे सावकाश गार टोकाकडे गेले. काका मोठ्याने हसले. त्यांना हसताना मी प्रथमच ऐकत होते.

केदार मात्र वडिलांकडे बघत होता. काकांनी शाल बाजूला सारली होती आणि गाल खिडकीच्या थंडगार काचेला टेकवला होता.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला परत जायचंय का?"

काकांनी काचेवरून गाल काढला.

"जायचंय रे. केव्हाचं. पण तू इतकं करून राहिला, तुला कसं सांगू?"

एरवी मी केदारला चांगलं सुनावलं असतं. त्या क्षणी मी फक्त चहाचे कप गोळा करायला उठले.

"मी तिकीट बघतो," तो कसाबसा म्हणाला.

"आज नको. दाजीला आधी जेवू दे."

केदारने मान डोलावली, आणि एवढा मोठा माणूस बापाच्या मांडीवर डोकं ठेवून रडला.