पहिलं प्रकरण सोडून द्या

निजामाच्या सबंध राज्यात जकातीपेक्षा पुस्तकांवर जास्त लक्ष असलेला सरकारी कारकून एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे आतोबा. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं की तामलवाडीच्या बाजूला करोडगिरीचा नाका लागायचा. तिथं गाड्या, टांगे, मोटारी थांबत, माल उघडून दाखवावा लागे आणि त्यावर जकात भरावी लागे. बाकीच्या कारकुनांना गाठोड्यात रेशीम सापडलं की आनंद होई, आतोबांना पुस्तक सापडलं की. त्यातही कीर्तनाचं, वैद्यकीचं किंवा कादंबरीचं पुस्तक ते नुसतं उलटं धरून झटकत आणि परत देत. पण पैलवान, नट, सर्कसवाले, शाहीर यांच्यापैकी कुणी स्वतःच्या आयुष्यावर लिहिलेलं पुस्तक निघालं, तर ते खुर्चीवरच मांडी घालत, आणि मागं खोळंबलेल्या गाडीवानांना बैल सोडून वैरण टाकावी लागे.

मी तेव्हा तुळजापूरला शाळेत मास्तर होतो. निजामात सुट्टी शुक्रवारी असे, ती नाक्याजवळ आत्याकडं काढायची, असा माझा क्रम होता. एकदा मी विचारलं, की आतोबा, थोर माणसांची चरित्रं सोडून तुम्ही हीच काय वाचत बसता? त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "थोर माणसं लई सांभाळून लिहित्यात. पैलवानाला ती सोय न्हाय. त्याची पाठ मातीला लागलेली सगळ्या गावानं बघितलेली असती. नटाची मिशी राजदरबारात गळून पडली, तर ते लोकांनी तिकीट काढून बघितलेलं असतंय. मग खोटं लिहायचं कुणापुढं?" त्यांची शिफारस मात्र एका अटीवर असे. पुस्तक हातात देताना ते बजावत, "पहिलं प्रकरण सोडून द्या. आजा, पणजा, गावची नदी. गडी जन्मला, एवढं आपण धरून चालू."

वैद्यानं नाडी बघून पुडी द्यावी तसं ते माणूस बघून पुस्तक सांगत. जळकोटची एक पोर सासरी निघाली होती आणि टांग्यात रडत होती. तिला त्यांनी सर्कशीतल्या झुलेवाल्याचं पुस्तक सुचवलं, कारण एका तंबूत सगळ्यांशी जमवून कसं राहायचं ते त्यात फार चांगलं आलंय. तिला अक्षरओळख नाही असं कळल्यावर त्यांनी ते नवरदेवाला सुचवलं. चारचौघांत बोलताना तोंडाला कोरड पडणाऱ्या एका लिंगायत कापडवाल्याच्या मागं ते नाटकात बायकांची कामं करणाऱ्या नटाचं पुस्तक घेऊन लागले. "बेडा री साहेब, बेडा!" तो बिचारा कानडीत नको नको म्हणत हात जोडायचा. "मी लुगडी विकतो, नेसत न्हाय!" अखेर पुस्तक घेतल्यावरच त्याची गाडी सुटली. पुढच्या खेपेला त्यानं विचारलं, "ह्याच नटाचं दुसरं काय हाय का?" आत्याचं म्हणणं वेगळं होतं. "घरातलं मीठ संपलंय ते ह्यांना ठाऊक न्हाय. सर्कशीतल्या वाघाला काय घालत्यात ते तोंडपाठ." वाचायच्या पुस्तकांच्या विषयवार याद्या करायची सवय मला पहिल्यापासून आहे. त्यातला खेळाडू आणि नटांचा सगळा भाग आतोबांचा आहे, आणि त्यातलं एकही नाव मला अजून खोडावं लागलेलं नाही.

मग दिवस बदलले. देश स्वतंत्र झाला, आम्ही मात्र निजामातच राहिलो. सोलापूरकडून येणाऱ्या मराठी कागदावर सरकारचा संशय बसला. पोलिसांचे एक अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, दर शुक्रवारी नाक्यावर येऊन बसू लागले. पुस्तकात राजकारण निघालं, तर पुस्तक चुलीत आणि माणूस कोठडीत. अशाच एका शुक्रवारी, मी नाक्यावर असताना, नळदुर्गच्या तालमीचे वस्ताद पकडले गेले. त्यांच्या पिशवीत एका पैलवानाचं नवं कोरं आत्मचरित्र होतं, आणि ते आतोबांनीच त्यांना सोलापूरहून आणायला सांगितलं होतं. वस्तादांनी इमानानं तेही सांगून टाकलं. म्हणजे आता वस्तादांची कोठडी आणि आतोबांची नोकरी, दोन्ही त्या एका पुस्तकावर येऊन ठेपल्या.

अमीनसाहेबांना मराठी बोललेलं थोडंफार कळे, वाचता येत नसे. त्यांनी पुस्तक उघडलं. आत भरघोस मिशांचा, उघड्या छातीचा माणूस खांद्यावर गदा घेऊन उभा. "ये कौन लीडर है?"

"लीडर नहीं साहब, पहलवान."

"पकड़े गए तो सब पहलवानच रहते. पढ़ के सुनाओ. पहले सफ़े से."

पहिल्या पानापासून! आतोबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मलाच त्यांची दया आली. पण इलाज नव्हता. जन्मात प्रथमच ते पहिलं प्रकरण वाचू लागले, तेही दखनी उर्दूत भाषांतर करत. पणजा झाला, आजा झाला, आजाची म्हैस सुरू झाली. अमीनसाहेबांनी जांभई दिली. "ये भैंस कब तक चलती?"

"इसी वास्ते मैं सबको बोलता साहब, पहला बाब छोड़ देना."

"छोड़ो."

दुसऱ्या प्रकरणात कुस्ती लागली आणि आतोबांचा आवाज सुटला. प्रतिस्पर्ध्यानं पैलवानाचा पट काढला, तेव्हा अमीनसाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. पैलवानानं ढाक मारली असं आलं, आणि बाकावर बसवलेले आमचे आरोपी वस्ताद ताडकन उठले. "तितनं ढाक बसतच न्हाय! ह्यो कलाजंग असणार." एवढ्यावर न थांबता त्यांनी पहाऱ्याच्या शिपायाला खांद्यावर घेऊन दाखवलं. शिपाई वरून ओरडतोय, त्याचा पट्टा सुटलाय, आणि अमीनसाहेब म्हणतायत, "ठैरो, ठैरो, पाँव किधर रखे?"

नमाजाची वेळ झाली तेव्हा ते उठले. "वस्ताद को जाने दो. किताब यहीं रहेगी. बाकी अगले जुम्मे को."

तेव्हापासून दर शुक्रवारी वाचन सुरू झालं. वस्ताद आपण होऊन येत, शिपाई लांब उभा राही. बाहेर काय काय वाईट कानावर येत होतं, ते आत कुणी काढत नसे. शेवटच्या प्रकरणात उतारवयातला पैलवान एका तरण्या गड्याचं आव्हान घेतो. दोघं आखाड्यात उतरले, त्यांनी हातात हात दिला, आणि अमीनसाहेबांनी हात वर केला. "बस. आज ख़तम नक्को करो. ये मज़ा अगले जुम्मे को." "रुकेंगे साहब," म्हणत आतोबांनी पुस्तक मिटलं.

पुढचा शुक्रवार उगवायच्या आत सोलापूरच्या त्याच रस्त्यानं हिंदी फौजा आल्या. निजामाचं राज्य गेलं. सगळ्यांबरोबर आतोबांनीही साखर वाटली, आणि मनापासून वाटली. अमीनसाहेब कुठं गेले ते कळलं नाही. कुणी हैदराबाद म्हणे, कुणी तुरुंग, कुणी पार कराची. हैदराबादेकडचा माणूस दिसला की आतोबा आधी त्यांची चौकशी करत, पुस्तकाचं मग बोलत. काही वर्षांनी नाकेही उठले. गाड्या न थांबता जाऊ लागल्या, आणि शिफारस ऐकायला कुणी अडकून पडेना.

ते पुस्तक मात्र आतोबा सगळ्यांना सांगत राहिले. मी एकदा विचारलं, "शेवटी जिंकलं कोण?"

"ठाऊक न्हाय."

"अहो, पुस्तक तर तुमच्या फळीवर आहे!"

"हाय की. पर थांबू म्हणालो होतो अमीनसाहेबांना."

पुढं आतोबांना डोळ्यांनी दिसेनासं झाल्यावर त्यांनी ते पुस्तक मला देऊन टाकलं. पुढच्या खेपेला मी गेलो, तेव्हा ते ओसरीवर बसले होते. पावलांवरून त्यांनी मला ओळखलं.

"वाचलंस?"

"हो, आतोबा."

"शेवटापर्यंत?"

"हो."

ते रस्त्याच्या दिशेनं तोंड करून बसले. मग हलकेच म्हणाले, "चांगलं असणार. सांगू नको मला."