रिमोटचा पट्टा आणि बाबांची हाक

कुत्र्याच्या गळ्यात करंटचा पट्टा घालावा की नाही, यावर आमच्या कॉलनीतल्या कुत्रेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला भांडण होतं. आणि दर महिन्याला कोणीतरी शहाणा लिहितो, "काम तो करता है ना?" करतो बाबा, काम करतो. माझी तक्रार तीच तर आहे. आमच्या घरी त्यानं असं काही काम केलं की आठवलं तरी माझं डोकं फिरतं. आणि तो पट्टा घरात यायला मीच हो म्हटलं होतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी काढायला नको.

माझे वडील तरुणपणी वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले. सगळी नोकरी त्यांची मालधक्क्यावर गेली. हिंदी त्यांना झकास येते, छत्तीसगढीही येते, पण उंबरा ओलांडून घरात आले की मराठीच. आई गेल्यावर ते माझ्याकडे, गुढियारीच्या घरी राहायला आले. माझ्या मुलाला मराठी समजते सगळी, पण उत्तर हिंदीत. बाबा विचारणार, "जेवला का बे?" आणि हा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणणार, "हाँ नानाजी, खा लिया." यावरून बाबा दोन-दोन दिवस अबोला धरायचे, आणि मुलाला तो अबोला आहे हेसुद्धा कळायचं नाही.

मग मुलानं लॅब्राडोरचं पिल्लू आणलं, आणि बाबांनी ठरवलं की निदान याला तरी मराठी शिकवायचं. ओसरीवर खुर्ची टाकून, हातात ग्लुकोजचं बिस्किट घेऊन दिवसभर तोच उद्योग. "ये रे पोट्ट्या" म्हटलं की यायचं. "खाली बस" म्हटलं की बसायचं. महिन्याभरात ते कुत्रं शिकलं की हो! मग आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवणं सुरू. "या घरात मराठीत बलावलं तं येणारा हा एकटाच," असं म्हणायचे आणि मुद्दाम नातवाकडे बघायचे.

वर्षभरात पिल्लाचा चांगला दांडगा कुत्रा झाला. एका सकाळी बाबा फाटकातून आत येत असताना त्यानं आनंदानं त्यांच्या छातीवर उडी मारली आणि बाबा आडवे झाले. गुडघा सोलवटला, कोपर सुजलं. हाड वाचलं, पण ऐंशी पार केलेल्या माणसाचं हाड किती वेळा वाचणार, या धास्तीनं आम्ही सगळेच हबकलो. मुलानं कुठूनसा ट्रेनर शोधला. तीन हप्त्यांत सुधारून देतो म्हणाला. करंटचा पट्टा असतो, पण अगदी हलका, असं मुलानं मला सांगितलं. मी म्हटलं, कर बाबा, पण बाबांना पुन्हा पडू देऊ नको.

ट्रेनर सकाळी दहाला यायचा. त्या वेळी मी शाळेत शिकवत असायची, मुलगा नवा रायपूरच्या ऑफिसात, नवरा त्याच्या कामावर. घरी बाबा एकटेच. पट्टा मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. काळा, त्यावर काडेपेटीएवढी डबी, आणि गळ्याच्या बाजूला दोन बोथट खिळे. रिमोट ट्रेनरच्या हातात. त्यात करंट असतो, हे बाबांना आम्ही कोणी सांगितलं नव्हतं. माणूस गोड बोलायचा, वाक्यागणिक दीदी. करंटला तो करंट म्हणत नसे, करेक्शन म्हणायचा.

दोन हप्त्यांत कुत्र्याच्या उड्या बंद झाल्या. सामान घेऊन येणाऱ्या पोरांवर भुंकणं बंद झालं. मुलानं त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला, लोकांनी टाळ्या दिल्या, आणि मीही अंगठा दिला. त्या अंगठ्याची मला अजून लाज वाटते.

कारण त्याच दिवसांत कुत्रं बाबांकडे जाईनासं झालं. त्यांनी हाक मारली की कान पाडायचं, शेपूट पोटाखाली घालायचं आणि अंगणातल्या स्कूटरच्या आडोशाला जाऊन बसायचं. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ तिथं साचलेली असते, त्या धुळीत पोट टेकून. बाबा आधी हसले. मग बिस्किट बदललं. मग अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून पुन्हा बोलावून पाहिलं. मग बोलावणंच कमी झालं. एक दिवस जेवताना मला म्हणाले, "कुत्र्यायले आधीच समजते म्हणतात. माह्या अंगाले वास येत असन." कसला वास, मी विचारलं. "जाणाऱ्या माणसाचा," म्हणाले, आणि वरण वाढून घेतलं.

मी रागावले त्यांच्यावर. असलं अभद्र बोलू नका म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपूरच्या माझ्या भावाला एकदा येऊन जायला सांगितलं, आणि आपला गरम कोट जावयाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, द्यायला काढून ठेवला. मी शाळेत सुट्टीचा अर्ज टाकला.

सुट्टीच्या दिवशी ट्रेनर आला. कुत्रं बाबांकडे काहून जात नाही, मी सरळच विचारलं. तर माणूस खूश झाला, जसं काही मी त्याचं काम ओळखलं. म्हणाला, "दीदी, प्रॉब्लम तो बाबूजी ही थे." शिकवणी चालू असताना म्हातारा मधूनच मराठीत हाक मारतो, आणि कुत्रं त्याचं सिट-स्टे सोडून तिकडे पळतं. दोन भाषांमध्ये कुत्रं कन्फ्यूज होतं, भाषा एकच पाहिजे. म्हणून बाबांनी हाक मारली आणि कुत्रं वळलं की हा बटण दाबायचा. चार-पाच दिवसांत आदत सुटली. पाहायचं असेल तर तुम्हीच हाक मारा, म्हणाला.

मी हाक मारली. ये रे पोट्ट्या. कुत्रं जमिनीला चिकटलं आणि मुतलं, तिथल्या तिथं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पट्टा सोडवला. त्याच्या गळ्यावरचे केस दोन जागी झडले होते, खाली लाल झालं होतं. ट्रेनर म्हणत होता, दीदी, दर्द नहीं होता, बस गुदगुदी होती है. मी म्हटलं, मग घाल तुझ्या गळ्यात. त्यानं हसून मनगट पुढे केलं. गळ्यात म्हटलं मी, गळ्यात. नाही घातला. मग ते खिळे मी माझ्याच हातावर दाबून धरले आणि रिमोटवर कुत्र्याच्या वेळी होता तोच आकडा ठेवून त्याला बटण दाबायला लावलं. उन्हाळ्यात ओल्या पायानं कूलरला हात लागला की जसं होतं, तसं झालं. रायपुरात ज्याला एकदा कूलरचा करंट बसला, तो चार वर्षं कूलरला हात लावताना दचकतो. आणि आम्हाला तर कळतं की दोष कूलरचा आहे. त्या मुक्या जिवाला काय कळणार? त्याला एवढंच कळलं की म्हाताऱ्यानं प्रेमानं हाक मारली की गळ्याला आग लागते.

ट्रेनरला मी त्याच पावली घालवला. मुलगा संध्याकाळी म्हणाला, मम्मी, सब यूज़ करते हैं. ग्रुपवर मी सगळं लिहिलं, तर एकानं लिहिलं की आंटी इमोशनल हो रही हैं, दुसऱ्यानं लिहिलं की मग कुत्रं गाडीखाली गेलेलं चालेल का. अरे, दोरी धरायला हात नाहीत का तुम्हाला? बिस्किट द्यायला, दहा वेळा तेच शिकवायला वेळ नाही, म्हणून बटण पाहिजे. मला वेळ नव्हता म्हणूनच मीही हो म्हटलं होतं. पट्टा मी कपाटात कुलूप लावून ठेवलाय. फेकला तर कोणी उचलून वापरेल.

बाबांना खरं सांगावं लागलं, नाहीतर ते स्वतःच्या मरणाची वाट पाहत बसले असते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी बलावलं की त्याले करंट लागे," म्हणाले. "अन् मी तं दिवसभर बलावून राहिलो होतो."

आठवडाभर ते ओसरीवर गप्प बसून राहिले. आठव्या दिवशी मी चहा टाकत होते, तर त्यांचा आवाज आला, अगदी हळू. "कम. कम, बेटा, कम." जन्मभर ज्यांनी घरात मराठीसाठी भांडण केलं, त्यांचा आवाज. मी दारात आले. कुत्रं स्कूटरमागून निघालं, थांबलं, पुन्हा दोन पावलं पुढे आलं, आणि शेवटी त्यांच्या गुडघ्याशी येऊन बसलं. बाबांनी हात लावला नाही. नुसतं बिस्किट धरलं.

मी मराठीत काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी मला हातानं थांबवलं.

"बाई, याच्यासमोर माह्याशी मराठी नोको बोलू. भेते तो."

आणि मी माझ्या बापाशी जन्मात पहिल्यांदा हिंदीत बोलले. बाबा, चाय पियोगे, असं विचारलं. ते हाँ म्हणाले.