पांढरे मोदक आणि माझी काळी शाल

बायांनो, आजची गंमत ऐका! इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत आमची सूनबाई उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेणार, म्हणून फोटो काढत होती. मागे पांढराशुभ्र कागद, वर लखलखीत दिवे. मोदकही पांढरेच, त्यामुळे फोटोत नुसते पिठाचे गोळे! मी पाडलेल्या नाजूक कळ्या गायबच.

एक मोदक कलला होता, तो सरळ करायला मी वाकले, तर ती ओरडली, "आई, हलू नका! तुमच्या काळ्या शालीमुळे कळ्या उठून दिसताहेत!"

मग काय, एसीत कुडकुडणारी मी मोदकांमागे शाल पसरून उभी राहिले. फोटो टाकले आणि मोदक गार व्हायच्या आत पहिली ऑर्डर आली!

तुमच्याकडेही आधी फोनलाच नैवेद्य दाखवतात का गं?